रोजगार कुणाच्या निशाणाखाली?

20 सप्टेंबर 2025 रोजी पंतप्रधानांनी भावनगरच्या समारंभातून मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन केले. बॅलार्ड पिअरवरील ही वास्तू वर्षाकाठी दहा लाख प्रवासी हाताळू शकेल, असे सांगण्यात येते. 2024 च्या ‘क्रूझ भारत मिशन’ने तर 2029 पर्यंत चार लाखांवर रोजगारांचे आश्वासन देऊन ठेवले आहे. त्या आश्वासनाचाच येथे समाचार घ्यावयाचा आहे.

रोजगार म्हणजे काय, हे मुंबईच्या गोदी कामगाराला कुणी शिकविण्याची गरज नाही. टोळीवाल्याच्या मर्जीसाठी रोज सकाळी धक्क्यावर ताटकळणाऱ्या या कामगाराने झगडून 1948 चा गोदी कामगार कायदा पदरात पाडून घेतला. त्यातून नोंदणी आली, गोदी कामगार मंडळ आले, काम नसलेल्या दिवसाचा हजेरीभत्ता आला. त्याच्या प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या पुढे कंटेनर टर्मिनलसाठी बुजविण्यात आल्या. ते टर्मिनल मात्र कंटेनरसाठी कधी सुरू झालेच नाही! 1873 पासूनचे पोर्ट ट्रस्ट 2021 च्या कायद्याने ‘प्राधिकरण’ बनले. ‘विश्वस्त’ हा शब्दसुद्धा अडचणीचा वाटला असावा.

आता क्रूझ जहाजावरील नोकरी पाहू. मायामीतून कारभार करणारी रॉयल कॅरिबियन ही बलाढ्य कंपनी नोंदणीने लायबेरियाची, आणि तिची बहुतेक जहाजे बहामाच्या निशाणाखाली. निशाण ज्या देशाचे, कायदा त्या देशाचा. आपला कामगार कायदा जहाजाच्या शिडीखालीच थांबतो. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, असे यावर सांगितले जाईल. आहे खरा, पण तो आठवड्याला 72 तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देतो, आणि त्याच्या अंमलबजावणीची मुख्य जबाबदारी त्याच निशाणाच्या देशाकडे असते. गोव्याचा वा रत्नागिरीचा तरुण काही महिन्यांच्या करारावर जहाज चढतो आणि करार संपताच पुन्हा एजंटाच्या दारात उभा राहतो. टोळीवाला गेला, असे कोण म्हणतो?

एप्रिल 2020 मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या पर्यटन जहाजावरील जवळजवळ दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात, आपल्याच किनाऱ्यासमोर अडकून पडले होते. टाळेबंदीत त्यांना उतरविण्याचा नियमच नव्हता. तो 21 एप्रिलला निघाला आणि 23 तारखेला त्यांचे पाय जमिनीला लागले. प्रवाशांच्या स्वागतासाठी ज्यांनी कोट्यवधी रुपये ओतले, त्यांना खलाशासाठी एक आदेश काढायला चार आठवडे लागले.

क्रूझ जहाजे येऊच नयेत, असा आमचा आग्रह नाही. कष्टकऱ्यालाही समुद्रावरची हवा खाण्याचा हक्क आहे. प्रश्न सार्वजनिक बंदराचा आहे. या टर्मिनलवर सामान उचलणारे, झाडलोट करणारे आणि पहारा देणारे कामगार बंदराच्या पटावर राहणार की ठेकेदाराच्या? भारतीय बंदरांतूनच फेऱ्या मारून नफा कमावणाऱ्या जहाजांवर भारतीय वेतनमानाची आणि संघटना-स्वातंत्र्याची अट घालणार की नाही? आणि चार लाखांपैकी कायम नोकऱ्या किती, तो आकडा बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाने संसदेच्या पटलावर ठेवावा.