देवासच्या दोन पात्या आणि म्हादई

म्हादईचा विषय निघाला की गोमंतकात हल्ली 'जशास तसे' हाच उपाय ऐकू येतो. या धोरणाची शास्त्रीय परीक्षा होऊन गेलेली आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास निरनिराळे डावपेच संगणकावर एकमेकांशी पुनःपुन्हा खेळविले. दोन्ही स्पर्धांत सरशी झाली ती अनातोल रापोपोर्ट यांच्या साध्या डावाची: आरंभ सहकार्याने करावा, पुढे प्रतिपक्ष वागेल तसे वागावे. गंमत अशी की, हा डाव समोरच्या गड्यावर गुणांत कधीच मात करीत नाही; पुढे जातो तो एकूण बेरजेत.

मराठ्यांच्या इतिहासात असा खेळ देवासला दिसतो. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांच्या थोरल्या व धाकट्या पात्या एकाच गावात नांदल्या. हद्दी एकमेकींत गुंतलेल्या; खुद्द शहरात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारभार, पाणी आणि दिवाबत्तीसुद्धा निराळी. आज शेजाऱ्याची अडवणूक करावी, तर उद्या आपली ठरलेली! १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत दोन्ही गाद्या टिकल्या.

धारच्या पवारांसमोर मात्र बरोबरीचा गडी नव्हता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ते संस्थान जप्त केले आणि १८६० मध्ये परत दिले, ते बैरसिया परगणा वगळून. शिक्षा किती आणि क्षमा किती, हे एकाच पक्षाने ठरविले. 'जशास तसे' म्हणावयास धारच्या हाती होते काय?

म्हादईच्या डावात गोवा देवासच्या नव्हे, धारच्या जागी आहे. वरच्याने अडविलेल्या पाण्याला खालच्याला पाण्याने उत्तर देता येत नाही. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कळसा-भांडुराचा सुधारित आराखडा मंजूर केला. तेव्हा आमचे उत्तर पाण्याबाहेरच शोधले पाहिजे. मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांना कोळसा जातो. बेळगावहून आमच्या बाजारात भाजी येते. नाकेबंदीची भाषा करणाऱ्यांनी आपली चूल कोणाच्या भाजीवर चालते, हे आधी पाहावे. पण हे रोजचे व्यवहार पाण्यासोबत एकाच मेजावर आणले, तर दोन्ही राज्यांना एकमेकांची गरज हिशेबात धरावी लागेल. आमच्या मते पहिली खेळी पणजीने करावी आणि ती सहकार्याची असावी: म्हादईच्या प्रवाहाची मोजणी दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी संयुक्तपणे करावी, असा प्रस्ताव येत्या पावसाळ्यापूर्वी बंगळूरला धाडावा.