आवाज जॉब कार्डावर लिहून घ्या

आज पिकाचं नाही, लोखंडाचं बोलायचंय.

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर ज्यांनी नवे ट्रॅक्टर घेतले, त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसा आता चालू आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. गिअरबॉक्समधून आवाज येतोय, शोरूमला सांगितलं, तर ते म्हणतात, "ट्रॅक्टर हाय, आवाज येणारच. वापरा, बसंल आपोआप."

माझं मत सरळ आहे. आवाजाची तक्रार वॉरंटीत सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच ती सगळ्यात आधी कागदावर यायला पाहिजे. दात तुटला, हाउसिंगला तडा गेला, तेल गळालं, तर ते डोळ्याला दिसतं, त्यावर वाद होत नाही. आवाज दिसत नाही. ट्रॅक्टर चालू असतो, नांगर ओढतो, ट्रॉली ओढतो. मग समोरचा म्हणतो, चालतंय की! आणि आपणही म्हणतो, हंगाम आहे, होईल नंतर.

पण वॉरंटीचा हिशोब कसा असतो बघा. इतकी वर्षं किंवा इतके तास, जे आधी पूर्ण होईल ते. ज्याच्याकडं ऊस वाहतूक, नांगरट, रोटाव्हेटर असं सगळं आहे, त्याचे तास वर्षांच्या कितीतरी आधी संपतात. म्हणजे "बसंल आपोआप" या एका वाक्यात जेवढे दिवस जातात, ते सगळे आपल्याच खात्यातून जातात. शोरूमचं काही जात नाही, कंपनीचंही जात नाही.

आवाज म्हणजे नक्की काय होतंय?

आधी एक गोष्ट मान्य करू. प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. सरळ दातांचे गिअर थोडं रडतातच, तिरप्या दातांचे शांत चालतात. त्यामुळं स्लायडिंग मेश गिअरबॉक्स आणि कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स यांच्या आवाजात फरक असतो. रिव्हर्स गिअर तर बऱ्याच गाड्यांचा ओरडतो. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरशी तुलना करून भांडायला जाऊ नका. त्याच मॉडेलचा, साधारण तेवढेच तास झालेला दुसरा ट्रॅक्टर शेजारी लावून बघा.

मग घरीच चार गोष्टी तपासा. यासाठी पाना लागत नाही.

एक, इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलला घ्या. क्लचवरचा पाय काढल्यावर आवाज येतो आणि क्लच पूर्ण दाबला की थांबतो, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा कायम फिरणाऱ्या गिअरवर.

दोन, उलट झालं, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. हे गिअरबॉक्सचं दुखणं नाही.

तीन, एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या जोडीचे दात. सगळ्या गिअरमध्ये, ओझं पडल्यावर येत असेल तर मागचे बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियन बघायला पाहिजे.

चार, फक्त वळताना येत असेल तर डिफरन्शियल.

आणि या सगळ्याच्या आधी तेल. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. टिपिंग ट्रॉलीचा जॅक तेच तेल ओढून घेतो. आज आपली ट्रॉली, उद्या भावकीतली, असं करत तेल कमी होतं, दुसऱ्या ट्रॅक्टरचं जुनं तेल मिसळतं. भाताच्या पट्ट्यात चिखलणीत पाणी आत गेलं तर तेल दुधी दिसतं. डिपस्टिक काढून बघायला दोन मिनिटं लागतात. तेल बरोबर असताना आवाज येतोय, हे आपल्याला आधी माहीत असलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

शोरूम टाळाटाळ का करतं?

मी सगळ्यांना चोर म्हणणार नाही. चांगले सर्व्हिस मॅनेजर आहेत, मन लावून काम करणारे मेकॅनिक आहेत. पण त्यांची अडचण समजून घ्या, म्हणजे आपल्याला काय मागायचं ते कळेल.

ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागतो. दोन माणसं, क्रेन किंवा स्टँड, आणि शेडमधली जागा अडकून पडते. वॉरंटीत हे काम केलं की डीलरला पैसे कंपनीकडून घ्यावे लागतात, त्यासाठी बिघडलेला भाग आणि कारण दाखवावं लागतं. भाग मोडलेला असेल तर दाखवणं सोपं. नुसत्या आवाजासाठी खोललं आणि आत काही सापडलं नाही, तर मजुरी त्यांच्या अंगावर. म्हणून त्यांना वाटतं, मोडू दे, मग बघू.

इथंच माझा विरोध आहे. बेअरिंगच्या गोळीला खड्डे पडायला लागले की आधी आवाज येतो. तेव्हाच बदललं तर एका बेअरिंगवर भागतं. तसंच चालवलं की शाफ्ट हलतो, दात नीट बसत नाहीत, लोखंडाचा कीस तेलात फिरतो. आणि तेच तेल हायड्रॉलिकच्या पंपात जातं, तेलात बुडालेल्या ब्रेकमध्येही जातं. म्हणजे थांबल्यानं कंपनीचाही खर्च वाढतो. फक्त तोपर्यंत मुदत संपली तर तो खर्च कंपनीचा राहत नाही, आपला होतो.

आमच्या ट्रॅक्टरला चौथ्या गिअरला भरल्या ट्रॉलीत घरघर यायला लागली, तेव्हा पहिल्याच फेरीला मी जॉब कार्डावर लिहून घेतलं: तारीख, मीटरचे तास, कोणत्या गिअरला, किती ओझ्यावर. सर्व्हिसवाल्यानं शेरा मारला, आवाज नॉर्मल. मी म्हटलं, हरकत नाही, हा शेराही सहीनिशी द्या. दुसऱ्या फेरीला मेकॅनिकला रिकाम्या ट्रॅक्टरवर नाही, भरलेल्या ट्रॉलीसकट सीटवर बसवलं. दोन किलोमीटरात तोच म्हणाला, "खोलायला लागंल." आत बेअरिंग गेलेलं निघालं. आठ दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, पण रुपया लागला नाही. गावातल्याच एका शेतकऱ्यानं तीनदा तोंडी सांगितलं, तिन्ही वेळा ऑइल बदलून परत पाठवलं. मुदत संपल्यावर दात गेले. शोरूमच्या रेकॉर्डला तीन सर्व्हिसा होत्या, आवाजाचा एक शब्द नव्हता. बिल पाच आकडी झालं.

फरक नशिबाचा नव्हता. ट्रॅक्टर तोच, शोरूम तेच. एका जॉब कार्डावर आवाज होता, दुसऱ्यावर नव्हता.

दुसरी बाजू

डीलर लोक म्हणतात, तुम्ही लोक दोन-दोन ट्रॉल्या लावता, क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरता, उतारावर न्यूट्रल करता, धावत्या ट्रॅक्टरला गिअर ठोकता, आणि मग वॉरंटी मागता. खोटं नाही ते. वॉरंटीच्या पुस्तकात गैरवापर वगळलेला असतो. सर्व्हिस वेळेवर केली नाही, सांगितलेलं तेल वापरलं नाही, तरी दावा अडतो. क्लच प्लेट, ब्रेक, फिल्टर, तेल ही झिजणारी म्हणून बाहेर असतात. टायर, बॅटरी यांची वॉरंटी त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची असते. हे पुस्तक घेतल्या दिवशीच वाचायचं असतं. कपाटात आरसी बुकाखाली ठेवून उपयोग नाही.

पण "ओव्हरलोड केलाय" हे नुसतं तोंडानं म्हणून चालणार नाही. झटक्यानं तुटलेला दात आणि हळूहळू खड्डे पडलेलं बेअरिंग यात फरक असतो, जाणकार मेकॅनिकला तो कळतो. दावा नाकारायचा तर खोललेला भाग दाखवा, कारण लिहून द्या. आम्ही सर्व्हिसचे कागद दाखवतो, तुम्ही लोखंड दाखवा. बरोबरीचा व्यवहार एवढाच.

आणि "नॉर्मल" हा शब्दही हवेतला नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात ड्रायव्हरच्या कानाजवळचा आणि बाजूला उभ्या माणसाजवळचा आवाज मोजून लिहिलेला असतो. तो सगळ्या ट्रॅक्टरचा मिळून असतो, एकट्या गिअरबॉक्सचा नाही, त्यामुळं त्यावरून बेअरिंग पकडता येणार नाही. पण आवाज ही मोजायची गोष्ट आहे, एवढं तरी त्यातून कळतं. "मला तर काही ऐकू येत नाही" हे तपासणीचं उत्तर होऊ शकत नाही.

मग करायचं काय?

तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. "जनरल चेकअप" असं लिहिलं तर सही करू नका. मीटरचे तास लिहा. कॉपी घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. आवाजाचा व्हिडिओ काढताना आधी मीटर दाखवा, मग गिअरचा दांडा, मग आवाज, एका दमात. चाचणी ज्या ओझ्यावर आवाज येतो त्याच ओझ्यावर मागा. तेल काढताना समोर उभे राहा, ड्रेन बोल्टला कीस चिकटलाय का बघा. खोलल्यावर काय बदललं आणि त्या भागाची वॉरंटी किती, हे बिलावर घ्या, बिल शून्याचं असलं तरी.

दोन फेऱ्यांत झालं नाही तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून नंबर घ्या आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरची भेट मागा. त्यानंही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ते कोर्ट नाही, पण तिथून गेलेल्या तक्रारीला बऱ्याचदा उत्तर येतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. शेतकरी ग्राहक आहे का, हा वाद बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच शेतकऱ्याच्या बाजूनं निकाली काढलाय. एक लक्षात ठेवा, चार ट्रॅक्टर ठेवून ड्रायव्हरकडून भाड्यानं चालवत असाल तर समोरचा "व्यापारी हेतू" म्हणून अडवेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या ट्रॅक्टरला कायद्यात सूट आहे.

पण आयोगासमोर गेलात तरी पहिला प्रश्न हाच येणार, मुदतीत तक्रार केली होती का, दाखवा.

माझी मागणी

ट्रॅक्टर कंपन्यांनी एक साधा नियम वॉरंटीच्या पुस्तकात छापावा. आवाजाची तक्रार मुदतीत नोंदली असेल, तर त्याच कारणानं पुढं झालेला बिघाड मुदत संपल्यावरही वॉरंटीतच धरायचा. ट्रॅक्टर शोरूमला दुरुस्तीसाठी जितके दिवस उभा, तितके दिवस मुदतीत वाढवायचे. जॉब कार्ड मराठीत द्यायचं. यातली एकही मागणी डोक्यावरून जाणारी नाही. ट्रॅक्टर विकताना घरापर्यंत येऊन, पेढे-हार घेऊन फोटो काढता, मग आवाज ऐकायला एकदा शेतावर या.

तोपर्यंत आपण आपली भीड सोडायला पाहिजे. ओळखीचा माणूस आहे, लिहून कसं मागायचं, हा विचार डोक्यातून काढा. लिहून मागणं म्हणजे भांडण नव्हे. दूध घालताना आपण फॅट आणि लिटरची पावती घेतोच ना? साखर कारखान्यावर वजनाची पावती घेतल्याशिवाय गाडी काट्यावरून हलवतो का? मग सात-आठ लाखांच्या यंत्राची तक्रार तोंडी कशाला?

ज्यांच्या ट्रॅक्टरला आत्ता आवाज आहे, त्यांनी खाली मॉडेल, तास आणि कोणत्या गिअरला येतो एवढंच लिहा. शोरूमचं नाव लिहू नका, शिव्या नकोत. एकाच मॉडेलला एकाच गिअरला दहा जणांचा आवाज निघाला, तर तो "नॉर्मल" आहे का खोट, ते कंपनीला आपण सगळे मिळून विचारू.