वाळवंटांतलें बिऱ्हाड

घरदार असतांना नवराबायकोनें ओसाड रानांत तंबू ठोकून राहावें, हें आमच्या उपनगरांतील पुष्कळ सुज्ञ मंडळींना निव्वळ खूळ वाटतें. मुलुंडचें एक शिक्षक-दांपत्य गेल्या हिवाळ्यांत कच्छला गेलें आणि तेथील खडीर बेटावर ग्रामस्थांच्या अनुमतीनें दोन रात्री असें बिऱ्हाड करून राहिलें. दिवा नाहीं, नळ नाहीं, शेजार नाहीं. जवळ शिधा आणि मोजकें पाणी. परतल्यावर त्या उभयतांवर आप्तेष्टांनीं जी टीकेची झोड उठविली, तिचा परामर्श घेणें अगत्याचें आहे. कारण तिच्या बुडाशीं गृहस्थाश्रमाविषयींचीच एक चुकीची समजूत आहे.

पहिला आक्षेप असा कीं, हें साहेबी थेर आपल्या संस्कृतींत बसत नाहीं. आक्षेपकांनीं मनुस्मृति तरी चाळावी. वनांत जाणाऱ्यानें पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावें किंवा तिला बरोबर न्यावें, असे दोन्ही पर्याय तेथें दिले आहेत. तेंही दूर वाटत असेल, तर बोरिवलीच्या रानांतील कान्हेरीला जावें. शंभरांहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरांत ठिकठिकाणीं कातळांत पाण्याचीं टाकीं कोरलेलीं आहेत, आणि टाकें खोदविणाऱ्या दात्यांचीं नांवें शिलालेखांत आहेत. खडीर बेटावरच धोलावीरा आहे; २०२१ सालीं जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्यें वसलेल्या त्या नगरानें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं प्रचंड जलाशय बांधले. निर्जनांत राहावयाचें तर आधीं पाणी मोजावें, ही विद्या साहेबानें आपणांस शिकविलेली नाहीं.

दुसरा आक्षेप सोयीचा. बोरिवलीस भुजची गाडी पकडून धोरडोच्या तंबूनगरींत उतरावें, तेथें सर्व सुखें आहेत, असें सांगण्यांत येतें. आहेत खरीं! वातानुकूलित तंबू आहेत, भोजनगृह आहे, सायंकाळीं गाणेंबजावणें आहे. तेथें कोणीं जाऊं नये असें मी म्हणत नाहीं. स्थानिक कारागिरांच्या वस्तू खपतात, हें चांगलेंच. परंतु त्याला वाळवंटांतील वास्तव्य म्हणूं नये. तें कापडी भिंतींचें हॉटेल आहे. जें टाळण्यासाठीं घर सोडलें, तेंच तेथें भाडें देऊन परत मिळवावयाचें!

घर सोडण्याचें कारण तरी काय? दोन खोल्यांच्या आमच्या संसारांत पतिपत्नी एकत्र राहतात, पण त्यांना एकमेकांची गरज पडत नाहीं. पाणी नळ देतो, उजेड बटण देतें, करमणूक मोबाईल देतो. सकाळची लोकल आणि रात्रीची झोंप यांच्यामधील संभाषण म्हणजे वाण्याची यादी व मुलांची फी. ओसाडींत एकानें दोर ताणल्याशिवाय दुसऱ्याला खुंटी ठोकतां येत नाहीं. उरलेलें पाणी दोघांनीं मिळून मोजावें लागतें. भांडण झालें तरी रागानें निघून जावयास दुसरी खोली नसते. तें त्याच चांदण्यांत मिटवावें लागतें. सहजीवन या शब्दावर व्याख्यानें देणाऱ्या आम्हां प्राध्यापकांपेक्षां तो तंबू अधिक शिकवितो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवर बायका हंडे घेऊन चढतात. अशा शहरांतील सुखवस्तूंनीं हौसेनें तहान सोसावी, ही थट्टा नव्हे काय? या दोन रात्रींना कोणी तपश्चर्या म्हणेल, तर तें ढोंग आहे हें मला मान्य आहे. परतीचें तिकीट खिशांत असणाऱ्याला दारिद्र्य कळत नाहीं. पण हा आक्षेप घेणारेच आपल्या न्हाणीघरांत बादल्यांवर बादल्या ओततात आणि वाळवंटांतही शॉवर मागतात! हंड्याचा अपमान मोजून पाणी पिणाऱ्यानें होतो कीं त्यांच्या वागण्यानें, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

साहस म्हणजे आंधळेपणा नव्हे. थंडीचे दिवस निवडावे, गांवांत सांगून जावें, गरजेहून अधिक पाणी न्यावें, केरकचरा परत आणावा. एवढें पथ्य पाळणाऱ्या दांपत्याला हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. ज्यांना वाळवंटांतही घरच हवें असेल, त्यांनीं खुशाल घरीं राहावें. वाळवंटाचें घर करूं नये.