वीस एक्सचा मोह

नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळच्या ममदापूरला काळविटं पाहायला जायचं ठरलं की मंडळी आधी दुर्बीण घ्यायला निघतात आणि परत येताना हातात २०×५० नाहीतर ‘१०-३०×६० झूम’ असं काहीतरी असतं. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. काळवीट लांबूनच पाहावं लागतं. जवळ जायला लागलं की ते उधळतं. तेव्हा जितकं मोठं दिसेल तितकं बरं. आणि त्याच पैशांत वीस पट मिळत असताना आठ पटीवर समाधान मानणारा माणूस व्यवहारशून्य. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. घसरगुंडी तिसऱ्यापासून सुरू होते.

दुर्बीण प्राणी मोठा करते, तसा हाताचा कंपही मोठा करते. आठ पटीला तो कंप बहुतेकांना सोसतो, दहाला जाणवतो आणि वीसला चित्र इतकं नाचतं की शिंगांचे पीळ सोडाच, समोरचा नर की मादी हेही धड कळत नाही. कागदावरचं गणित अर्थात वेगळं बोलतं. चारशे मीटरवरचं काळवीट आठ पटीच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहा पटीच्या चाळीसवर आणि वीस पटीच्या वीसवर. पण ते वीस मीटर तिपाईवरचे आहेत, हातातले नाहीत. हातातला खरा सौदा आठ आणि दहा यांच्यातला, म्हणजे पन्नास मीटर की चाळीस मीटर एवढाच. त्या दहा मीटरांसाठी स्थिरपणा, उजेड आणि दृश्याची रुंदी किती गमवायची, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही.

रुंदीचंच घ्या. चांगल्या ८×४२ दुर्बिणीत साडेसात अंशांच्या आसपासचं दृश्य मावतं. चारशे मीटरवर ते पन्नास मीटरांहून थोडं जास्त रुंद भरतं. २०×५० मध्ये तीन अंश, म्हणजे जेमतेम वीस मीटर. काळविटांचा कळप गवतात विखरून चरतो. एक नर दुसऱ्याच्या हद्दीत शिरला, मान ताठ करून दोघं समोरासमोर आले, माद्या बाजूला सरकल्या, हे सगळं एका चौकटीत दिसलं तरच पाहिल्याचं सार्थक. वीस पटीत एक मान दिसते. बाकीचं नाट्य चौकटीबाहेर संपून जातं, आणि कळप उधळला की दुर्बीण रिकाम्या माळावर फिरत राहते.

त्यात येवल्याचा माळ. मार्च उलटला की सकाळी दहाच्या सुमारास जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी हलू लागते. आठ पटीतही मृगजळ दिसतं, पण वीस पटीत तेही वीस पट होतं आणि काळविटाचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे वितळतात. यावर कुठलंही महागडं भिंग इलाज करत नाही. लवकर जावं, एवढाच उपाय.

आता उजेडाचा मुद्दा, कारण काळवीट पाहायची उत्तम वेळ पहाटेची नाहीतर दिवस कलल्यानंतरची. वस्तुभिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×४२ चा झोत सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२ आणि २०×५० चा अवघा अडीच. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचवर अडते. म्हणजे संधिप्रकाशात अडीच मिलिमीटरचा झोत घेऊन बसणं हे उघड्या डोळ्यावर पडदा ओढण्यासारखं आहे. आणि साठीच्या माणसाने ७×५० चा सात मिलिमीटरचा झोत घेतला तर जास्तीचा उजेड बाहुलीबाहेरच पडतो. त्याने फक्त वजन विकत घेतलं. सव्वापाच हा आकडा दोघांनाही पुरतो.

इथे एक ठरलेला आक्षेप येतो: हे पक्षी पाहणाऱ्यांचे लाड झाले, शिकाऱ्यांना विचारा, त्यांच्या रायफलींवर केवढाले स्कोप असतात! विचारूच. स्कॉटलंडच्या डोंगरांत आजही कायदेशीरपणे हरणाचा माग काढून शिकार होते, आणि तिथल्या जुन्या शिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेला स्कोप कुठला? स्थिर सहा पटीचा, ६×४२. बेचाळीस भागिले सहा, सात मिलिमीटर. रात्रीच्या रानडुकरांसाठी जर्मन शिकारी ८×५६ वापरतात. भागाकार करा, पुन्हा सातच. ज्यांचं पोट आणि प्रतिष्ठा एका गोळीवर अवलंबून होती, त्यांनी पट वाढवण्याआधी उजेड आणि रुंदी सांभाळली. शिवाय शिकारी दिवसभर शोध घेतो तो गळ्यातल्या दुर्बिणीने. स्कोपला डोळा लागतो तो अगदी शेवटी.

नाशिकचाच दाखला हवा असेल तर स्वप्नील कुसाळेंचा घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक त्याने मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि रायफलीवर दुर्बीण लावायला मनाई असते. भोकाच्या साध्या साईटमधून, एक पटही न वाढवता, पन्नास मीटरवर ते वर्तुळ साधायचं. प्राणी पाहणं आणि नेम धरणं या निराळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण ‘एक्स वाढले की सगळं साधतं’ म्हणणाऱ्याने स्थिर देहाची किंमत त्या रेंजवर जाऊन पाहावी.

आणखी एक मत अलीकडे तरुणांत फार चालतं. एअरगनवर बसवायचा ३-९×४० स्कोप ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतो. नऊ पट मोठं दिसतं. मग दुर्बिणीवर दहा-बारा हजार का घालवायचे? या मताला निदान हिशेबाचा आधार आहे, म्हणून त्याचं खंडन हिशेबानेच करू. नऊ पटीवर त्या स्कोपमध्ये शंभर मीटरवर चार-साडेचार मीटर रुंदीचं दृश्य मावतं. ८×४२ दुर्बिणीत तेरा. डोळा नळीपासून आठ-नऊ सेंटिमीटर लांब धरावा लागतो, कारण रायफलीचा धक्का बसताना भुवई फुटू नये म्हणून ती रचना आहे. दस्त्याला गाल टेकलेला असतो तेव्हा ठीक. हातात नुसती नळी धरली की चित्र सारखं काळं होतं. बहुतेक साध्या स्कोपना जवळ-लांबचा फोकसच नसतो, ते शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात. एक डोळा मिटून तासभर बसायचं ते वेगळंच, आणि दृश्याच्या मधोमध कायमची फुली.

या फुलीत माझा खरा आक्षेप आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि कायद्याच्या व्याख्येनुसार मारण्याचा, पकडण्याचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन ते सात वर्षं. एअरगनला परवाना लागत नाही म्हणून तिने सशावर छर्रा मारायलाही हरकत नाही, अशी समजूत असलेली पोरं मला भेटली आहेत. ती समजूत साफ चुकीची आहे. नळी बंदुकीवर बसवलेली असो वा खिशात, ममदापूरच्या माळावर ती बाहेर काढलीत तर वनरक्षक चौकशी करणारच, आणि त्याने ती करायलाच हवी. त्या सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या संवर्धन राखीव क्षेत्राभोवती मक्याची आणि कांद्याची शेतं आहेत, काळविटं तिथे उतरतात, उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकताना विहिरीत पडतात, कुत्री मागे लागतात. इतक्या संकटांतून निघालेल्या जनावराकडे नेम धरायच्या यंत्रातून, फुलीवर धरून बघायची हौस मला समजत नाही. शिकारीचा नाद असलेले लेखक व्यंकटेश माडगूळकर पुढे नागझिऱ्याच्या जंगलात नुसतं पाहायला म्हणून जाऊन राहिलेच की.

मग ऑस्ट्रियन किंवा जर्मन? दोन लाखांची दुर्बीण उत्तमच असते, त्यावर वाद नाही. वाद ‘बाकी सगळा कचरा’ या पुस्तीवर आहे. लेप न दिलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परतवतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेप शोधला, आणि आज सगळ्या पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप दिलेल्या दुर्बिणीत परावर्तनातून होणारं नुकसान पाचेक टक्क्यांवर आलं आहे. हा लेप आता दहा-पंधरा हजारांच्या जपानी ब्रँडांतही मिळतो. उरलेले सुमारे पावणेदोन लाख कडेपर्यंत रेखीव चित्र, हलकं धातूचं अंग आणि नावासाठी आहेत. ते ज्याला परवडतात त्याने घ्यावेत. पण बायकोच्या बांगड्यांकडे बघत घेऊ नयेत.

आटोपशीर पैशांत मी तर त्याहून जुनाट सल्ला देईन: पोरो प्रिझमची ८×४० घ्या. इटालियन इग्नाझियो पोरोंनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ती रुंद खांद्यांची रचना. सरळ नळीच्या रूफ प्रिझमला चित्र रेखीव ठेवायला फेज कोटिंग आणि आरशासारखा लेप लागतो, त्याचा खर्च चढतो आणि स्वस्त कंपन्या नेमका तोच वाचवतात. पोरोला या दोन्हींची गरज नाही. सात-आठ हजारांची पोरो पंधरा हजारांच्या रूफच्या शेजारी धरून पाहा. तोटा एकच आणि तो खरा आहे: बहुतेक पोरो जलरोधक नसतात. येवल्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात ते चालून जातं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात नाही. तिथे नायट्रोजन भरलेली रूफच हवी, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंगावर बुरशीची जाळी.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. गोदावरी-कादवाच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात दूर मधोमध बसलेली बदकं ओळखायची तर आठ पट अपुरी पडते. महाराष्ट्राच्या त्या पहिल्या रामसर स्थळी वीस-तीस पटीचा स्पॉटिंग स्कोप हवाच, पण तिपाईसकट. वीस पट हातात धरून नाही.

झूमवाल्यांना उत्तर देण्यात जागा घालवत नाही. कमी पटीला दृश्य नळीएवढं अरुंद, जास्त पटीला अंधार, आणि धक्का लागला की दोन नळ्यांची चित्रं जुळेनाशी होतात.

खरेदीला नाशिकच्या एम.जी. रोडवर जा किंवा मुंबईला, पण दुर्बीण काउंटरवर पाहून ठरवू नका. दाराशी येऊन उजळ आकाशासमोरची विजेची तार पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार किती ते लगेच कळतं. वस्तुभिंगात लालभडक झाक दिसली तर ती खाली ठेवा. लाल उजेड परत फेकणारा तो माणकासारखा लेप दिखाऊ आहे. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा आणि पूर्ण गोल दिसतो का ते तपासा; पंधरा मिलिमीटरहून कमी आय रिलीफ (डोळा आणि भिंग यांतलं अंतर) असेल तर दिसणार नाही. मग दुकानदार म्हणेल, साहेब, याच किमतीत वीस एक्सची आहे. ती मागून घ्या, रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरा आणि सगळ्यात बारीक ओळ त्यालाच वाचायला सांगा.