पात्रयोजना हॉबिटची, कायदा वॉर्नर ब्रदर्सचा

प्रचंड खर्चाच्या एखाद्या चित्रपटात प्रमुख भूमिका कोणत्या नटाला मिळाली, ही बातमी भांडवली वृत्तपत्रांत ज्या थाटाने छापली जाते तो थाट एखाद्या मंत्रिमंडळाच्या शपथविधीलाही क्वचितच लाभतो. मे 2024 मध्ये वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कल्पित सृष्टीवर आधारलेला ‘द हंट फॉर गोलम’ हा आणखी एक चित्रपट काढण्याचे जाहीर केले. तेव्हापासून जुन्यांपैकी कोण परतणार आणि कोणाच्या जागी कोण येणार, याच्या चर्चेला पुन्हा ऊत आला. निरुपद्रवी करमणूक म्हणून या चर्चेकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु याच सृष्टीतील ‘हॉबिट’ या चित्रपटाची पात्रयोजना ऑक्टोबर 2010 मध्ये ज्या आठवड्यात जाहीर झाली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात न्यूझीलंड या सार्वभौम म्हणविणाऱ्या देशाच्या संसदेने याच कंपनीच्या मागणीवरून आपला कामगार कायदा बदलला. पहिली बातमी जगभर पोहोचली. दुसरी मात्र कामगार चळवळीच्या बाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि आपल्या देशातील कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावी अशी तीच आहे.

टॉल्किन यांची ‘हॉबिट’ ही कादंबरी 1937 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बुटक्या, घरबशा, खाण्यापिण्यात रमणाऱ्या हॉबिट जमातीतील बिल्बो बॅगिन्स हा तिचा नायक. तेरा खुजे वीर आपले लुबाडले गेलेले सुवर्णभांडार परत मिळविण्यासाठी निघतात आणि त्या मोहिमेत बिल्बोला ओढून नेतात. त्या भांडारावर एक ड्रॅगन अंग पसरून बसलेला असतो. त्याला त्या सोन्याचा कसलाही उपयोग नसतो, तरी त्यातला एक पेला नाहीसा झाला की तो साऱ्या मुलखाची राखरांगोळी करतो. टॉल्किन समाजवादी तर नव्हतेच, उलट परंपरेचे कट्टर अभिमानी होते. तरी संचित धनाचे त्यांनी रेखाटलेले हे चित्र पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांच्या ग्रंथांहून अधिक नेमके आहे, हे मान्य करावयास हरकत नाही.

टॉल्किन यांच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील तीन चित्रपट पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने न्यूझीलंडमध्ये चित्रित केले आणि ते 2001 ते 2003 या काळात प्रदर्शित झाले. तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली. तेव्हा जेमतेम 40 लाख लोकवस्तीच्या त्या देशाने आपली ओळखच या चित्रपटांशी जोडून घेतली. पर्यटन खात्याच्या जाहिराती, विमाने, टपालाची तिकिटे, सर्वत्र तीच सृष्टी अवतरली. राष्ट्राभिमान आणि एका परदेशी कंपनीचा नफा यांची अशी गाठ एकदा बसली, की त्या कंपनीकडे मजुरीचा हिशेब मागणारा कामगार राष्ट्रद्रोही ठरविणे सोपे जाते. 2010 साली नेमके तेच घडले.

‘हॉबिट’च्या नटांना देऊ केलेल्या करारांत किमान अटींची सामूहिक हमी नव्हती. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने दीर्घ लढ्यांतून आपल्या सभासदांसाठी किमान वेतन, कामाचे तास आणि चित्रपटाच्या पुढील वापरातून मिळणारा वाटा हे हक्क मिळविलेले आहेत. त्याच कंपनीच्या त्याच चित्रपटात काम करणारा न्यूझीलंडचा नट मात्र स्वतंत्र कंत्राटदार मानला जाई आणि प्रत्येकाने आपापला सौदा आपण करावा अशी अपेक्षा असे. तेथील नटांच्या ‘इक्विटी’ या संघटनेने सामूहिक वाटाघाटींची मागणी केली. ती ऑस्ट्रेलियातील माध्यम व कला क्षेत्राच्या कामगार संघटनेशी संलग्न होती. नटांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या मागणीला पाठिंबा दिला आणि सप्टेंबर 2010 च्या अखेरीस आपल्या सभासद संघटनांना जाहीरपणे कळविले, की करार होईपर्यंत ‘हॉबिट’मध्ये कोणी काम स्वीकारू नये.

मागणी वाटाघाटींच्या बैठकीपुरतीच होती. तिला उत्तर मात्र युद्धाच्या भाषेत मिळाले. ऑस्ट्रेलियाची संघटना दांडगाई करून न्यूझीलंडचा धंदा बळकावू पाहत आहे, चित्रण पूर्व युरोपात न्यावे लागेल, असे जॅक्सन यांनी जाहीर केले. कंत्राटदारांशी सामूहिक वाटाघाटी करणे स्पर्धाविषयक कायद्याने निषिद्ध आहे, असाही युक्तिवाद पुढे आला. एकेकट्या नटाने कोट्यवधी डॉलरच्या कंपनीशी सौदा केला तर ती मुक्त स्पर्धा, आणि शंभर नटांनी एकत्र येऊन केला तर ती मक्तेदारी, असे हे भांडवली न्यायशास्त्र आहे.

त्यानंतरच्या दिवसांचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबरच्या मध्यास संघटना आणि निर्माते यांची बोलणी झाली, नटांच्या प्रमाणित अटींवर चर्चा करण्याचे ठरले आणि बंदी मागे घेण्याचा निर्णय 17-18 ऑक्टोबरच्या सुमारास कंपनीच्या गोटात पोहोचला. 20 ऑक्टोबरला वेलिंग्टनच्या रस्त्यावर चित्रपटसृष्टीतील तंत्रज्ञ आणि कारागीर यांचा मोठा मोर्चा निघाला. त्याचा रोख वॉर्नर ब्रदर्सवर नव्हता, तो नटांच्या संघटनेवर होता. प्रतिकृती घडविणारे, वेशभूषा शिवणारे, नेपथ्य उभारणारे हात आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध उगारले गेले, आणि तेही मागे घेतल्या गेलेल्या बंदीबद्दल! दुसऱ्या दिवशी बंदी उठल्याचे सर्वांना कळले. पण तोवर हवा तो परिणाम साधलेला होता.

याच वेळी पात्रयोजनेची बातमी आली. बिल्बोच्या भूमिकेसाठी इंग्रज नट मार्टिन फ्रीमन आणि खुज्या वीरांचा नायक थोरिन म्हणून रिचर्ड आर्मिटेज यांची निवड झाली. खुज्यांमध्ये जॉन कॅलन, मार्क हॅडलो, पीटर हॅम्बल्टन ही न्यूझीलंडच्या रंगभूमीवरील व पडद्यावरील नावे होती. देश आनंदला, आणि त्याच बरोबर भयभीतही झाला. इतके सारे ठरले असता चित्रपट हातचा गेला तर काय, ही धास्ती याच यादीने टोकदार केली. 25 ऑक्टोबरला ठिकठिकाणी ‘हॉबिट वाचवा’ म्हणून सभा भरल्या. न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबरचा चौथा सोमवार हा कामगार दिन असतो. वेलिंग्टनच्या सॅम्युएल पार्नेल या सुताराने 1840 मध्ये आठ तासांहून अधिक काम करण्यास नकार दिला, त्या लढ्याच्या स्मरणार्थ ही सुटी मिळते. 2010 साली तो चौथा सोमवार म्हणजेच 25 ऑक्टोबर होता. गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुटी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मुंबईत त्या सुटीच्याच दिवशी गिरणीमालकांच्या बाजूने कामगारांची सभा भरावी, असाच हा प्रकार होता.

26 ऑक्टोबरला वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी वेलिंग्टनमध्ये उतरले आणि पंतप्रधान जॉन की यांनी त्यांचे स्वागत केले. 27 ऑक्टोबरला समझोता जाहीर झाला. मोठ्या चित्रपटांना खर्चाच्या 15 टक्के परतावा देण्याची योजना अगोदरच होती. तीवर प्रत्येक चित्रपटामागे आणखी 75 लाख अमेरिकन डॉलरपर्यंत सवलत मिळणार होती, आणि चित्रपटांबरोबर देशाची जाहिरात करण्याच्या नावाखाली आणखी 1 कोटी डॉलरचा भार सरकारने उचलला होता. कामगार कायद्यातील दुरुस्ती हाही या समझोत्याचाच भाग होता. तातडीचे विधेयक म्हणून, संसदीय समितीकडे न पाठविता, जनतेची निवेदने न मागविता, ते 66 विरुद्ध 50 मतांनी संमत झाले. समझोत्याच्या घोषणेपासून मतदानापर्यंत पुरते दोन दिवसही लागले नाहीत.

या दुरुस्तीचा गाभा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. न्यूझीलंडमध्ये 2000 सालच्या कायद्यानुसार कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा कामाचे खरे स्वरूप काय आहे, हे पाहून कोण कामगार आणि कोण कंत्राटदार याचा निवाडा न्यायालय करी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या निर्मितीत काम केलेल्या एका प्रतिकृतीकाराला कंत्राटदार म्हणून नेमण्यात आले होते. त्याला कामावरून दूर केल्यावर तो न्यायालयात गेला, आणि 2005 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कामगारच होता, हा मूळ निर्णय कायम केला. निर्मात्यांच्या मनात सलत होता तो हा निवाडा. 2010 च्या दुरुस्तीने चित्रपटक्षेत्रातील प्रत्येक माणूस, नोकरीचा लेखी करार हाती नसेल तर, कंत्राटदारच मानला जाईल असे ठरविले. व्हिडिओ खेळांच्या निर्मितीलाही हीच तरतूद लागू झाली. म्हणजे भांडण नटांच्या बंदीवरून पेटविले गेले आणि दंड झाला तो सर्वांना. वेलिंग्टनच्या मोर्चात नटांविरुद्ध घोषणा देणाऱ्या कारागिरांचाच न्यायालयात जाण्याचा मार्ग या दुरुस्तीने बंद केला.

बंदीमुळे चित्रपट देशाबाहेर चालला होता काय? डिसेंबर 2010 मध्ये सरकारी कागदपत्रे उघड झाली. त्यांत जॅक्सन यांनी 18 ऑक्टोबरला मंत्र्यांच्या कार्यालयास पाठविलेले पत्र होते. चित्रणाचे स्थळ आणि नटांची बंदी यांचा संबंध नाही, कंपनीला हवी आहे ती कामगार कायद्याबाबतची निश्चिती, असा त्याचा आशय होता. मोर्चा निघाला तो या पत्रानंतर दोन दिवसांनी. सरकारला सत्य ठाऊक होते आणि ते गप्प राहिले.

तरीही चळवळीच्या बाजूने जे उणे होते त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. न्यूझीलंडच्या कामगार संघटनांचे सामर्थ्य 1991 च्या कायद्याने, जुनी सामूहिक निवाड्यांची पद्धत मोडून, आधीच खच्ची केले होते. हेलन केली यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनांची परिषद नटांच्या पाठीशी उभी राहिली आणि त्यापायी केली यांनी बरीच निंदा सोसली. परंतु आंतरराष्ट्रीय बंदीचे हत्यार उपसण्यापूर्वी त्याच स्टुडिओतील सुतार, शिंपी, रंगारी आणि तंत्रज्ञ यांच्यात जाऊन हा लढा त्यांचाही आहे हे पटवून देण्याचे काम व्हावयास हवे होते, आणि ते झाले नाही. बाहेरचा पाठिंबा कितीही मोठा असला तरी शेजारच्या कामगाराच्या उदासीनतेची भरपाई तो करू शकत नाही. मालकांच्या प्रचाराने कारागिरांना फसविले हे खरे; पण तो प्रचार त्यांच्या कानी पहिल्याने पोहोचला, कारण संघटनेचा शब्द त्यांच्यापर्यंत गेलेलाच नव्हता.

पात्रयोजनेचे आणखी एक अंग नोव्हेंबर 2010 मध्ये उघडकीस आले. हॉबिटांच्या गर्दीत उभे राहण्यासाठी माणसे निवडताना पाकिस्तानी वंशाच्या एका तरुणीला तिचा वर्ण सावळा आहे म्हणून परत पाठविण्यात आले आणि उजळ वर्णाच्या व्यक्ती हव्यात अशी जाहिरातही निघालेली होती. बोभाटा होताच निर्मात्यांनी निवड करणाऱ्या कंत्राटी माणसाला काढून टाकले आणि आपला असा कोणताही आदेश नव्हता असा खुलासा केला. मजुरी ठरविताना कंत्राटदार, आणि दोष वाटून देतानाही कंत्राटदार!

भारतातील वाचकांना हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सिनेकामगारांच्या संघटनांच्या दबावामुळे 1981 साली सिनेकामगार व चित्रपटगृह कामगार कायदा झाला आणि निर्मात्याने लेखी करार केल्याखेरीज कामावर घेऊ नये असे बंधन आले. मुंबई, चेन्नई, हैदराबादच्या स्टुडिओंत त्याची अंमलबजावणी किती झाली हे तेथील प्रकाशयोजना कामगार आणि ज्युनिअर आर्टिस्ट अधिक चांगले सांगतील. तो कायदा 2020 च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. गुंतवणूकदारांना ‘निश्चिती’ हवी, हेच समर्थन येथेही ऐकू आले. अवाढव्य पौराणिक आणि कल्पितकथांच्या चित्रपटांची लाट आपल्या देशातही उसळली आहे आणि त्यांच्या नायक-नायिकांच्या नावांवर रकानेच्या रकाने खर्ची पडत आहेत. त्या चित्रपटांतील शेकडो संगणक-चित्रकार, वेशभूषाकार आणि गर्दीतली माणसे कोणत्या करारावर राबतात, याला मात्र एक ओळही मिळत नाही.

न्यूझीलंडला एवढे करून काय मिळाले? ‘हॉबिट’चे दोनाचे तीन चित्रपट झाले, ते 2012, 2013 आणि 2014 मध्ये प्रदर्शित झाले आणि एकट्या पहिल्यानेच जगभरात 100 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. त्यानंतर ॲमेझॉन कंपनीने टॉल्किन यांच्याच सृष्टीवरील ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचा पहिला भाग न्यूझीलंडमध्ये चित्रित केला. तिलाही सरकारी परतावा देऊ केलेला होता. ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीने दुसऱ्या भागापासून चित्रण ब्रिटनला हलविण्याचे जाहीर केले. तेव्हा नटांची बंदी नव्हती, मोर्चे नव्हते आणि 2010 चा कायदा जसाच्या तसा जारी होता.

पुढे मजूर पक्षाच्या सरकारने निर्माते आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचा गट नेमून त्यांच्या शिफारशींवरून 2022 मध्ये चित्रपटक्षेत्रातील कामगारांसाठी नवा कायदा केला. त्याने सामूहिक सौद्याचा हक्क दिला, म्हणजे बारा वर्षांपूर्वी नटांनी जे मागितले होते तेच. परंतु हे कामगार कंत्राटदारच राहतील हे मात्र त्यातही कायम ठेवण्यात आले, आणि या वाटाघाटींच्या काळात संपाचे हत्यार उपसण्यास त्या कायद्याने मनाई केली.