मुंबईत बर्फ पडतो तेव्हा

मुलांनो, जगबुडीचे इंग्रजी सिनेमे तुम्ही मोबाईलवर आवडीने पाहता. या सुट्टीत मराठीतली जगबुडी वाचा: डॉ. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा.

मुंबईत एका सकाळी बर्फ पडलेला दिसतो. पोरं खूश! पण हिमयुग येणार, असं वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने आधीच सांगितलेलं असतं. त्याचं कुणी मनावर घेतलेलं नसतं. जग गारठल्यावर मात्र सगळे त्याच्याकडेच धाव घेतात. कथेतला खरा खलनायक बर्फ नाही, ऐकून न ऐकल्यासारखं करणारी माणसं आहेत.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. नावाकडे न पाहता कथा वाचली जावी, म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं!

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्रेवाल्यांना छोटा हिमप्रलय ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून येतं, गारा पडतात. मृग बहाराची पिकलेली फळं आणि आंबियाचा फुलोरा, दोन्ही झाडाखाली. वर्षाची कमाई अर्ध्या तासात मातीत.

गारा थांबवता येत नाहीत. पण तोडणीला आलेला माल आधी उतरवता येतो. हवामान खात्याचा इशारा आजोबांच्या आधी तुमच्या मोबाईलवर दिसतो. तो बाजूला सारू नका. आजोबांना वाचून दाखवा. घरातले वसंत चिटणीस तुम्हीच.