शिट्टी वाजवून संडास वापरात येत नाही

काल टपरीवर एक साहेब म्हणाले, "सरकारनं 12 हजार दिले तरी लोक बाहेरच जातात. मानसिकताच खराब." तिथं गप्प बसलो, म्हणून इथं लिहितोय.

साहेब, 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. लोक स्वतः झाडू घेऊन उतरले. शेजारच्या गावाशी चुरस होती, आपल्या गावाचं नाव निघावं ही हौस होती. तपासणी पथक गेल्यावर काही ठिकाणी पुन्हा उकिरडे झाले, हेही खरंय. पण हात लोकांचेच होते. नंतर स्वच्छ भारत आलं: 12 हजार, संडासासमोर उभं राहून फोटो. सोबत पहाटेचं गुड मॉर्निंग पथक, शिट्टी, दंड. म्हाताऱ्या माणसांना गावासमोर शरमिंदं करायचं, आणि याला प्रबोधन म्हणायचं! 2018 ला महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीरही झाला.

पैशासाठी बांधलेला संडास पैसे जमा होईपर्यंतच संडास असतो. पुढं त्यात सरपण जातं.

आमच्याच घरचं सांगतो. अण्णांनी संडासात कांदे भरले होते. दंडाची भीती घातली, मी पत्रकार असून चार वेळा भाषण दिलं, काही उपयोग नाही. आई दिवस मावळल्यावर पाणीच पीत नव्हती, रात्री जावं लागू नये म्हणून. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. एकदा तिला जुलाब लागले. भर पावसात, अंधारात तीन खेपा झाल्या. बॅटरी धरून अण्णा सोबत गेले. सकाळी कांदे बाहेर होते. कुणी काही बोललं नाही.

आणि पाण्याचं काय? बाहेर टमरेलात भागतं, संडासाला बादली लागते. टँकरच्या दिवसात ती बादली बाईनंच डोक्यावर आणायची असेल, तर ती काय निवडेल? इथं मानसिकता कुठं आली?

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत आपल्या येडाईसाठी लाखो माणसं उन्हात चुनखडी वेचतात. अनुदान नाही, शिट्टी नाही. मनातून आलेल्या गोष्टीला माणूस त्रास मोजत नाही. साहेब, हे तुम्हीही दरवर्षी बघता की!

येत्या ग्रामसभेत लेखी मागणी देणार आहे. संडास किती बांधले ते पुरे झालं. किती वापरात आहेत आणि कितींना पाणी आहे ते मोजा, आणि ही मोजणी गावातल्या बायकांनाच करू द्या. सही करणाऱ्यांनी उद्या संध्याकाळी स्टँडवर भेटा. घरातल्या बाईला विचारून या.